टेप न लावता

इंटिरियर डिझाइनचा धंदा आता 'ऑटोपायलट'वर चालवता येतो, असं सांगणारी एक जमात गेल्या दोन-तीन वर्षांत उगवली आहे. तिची शिकवण साधारण अशी: ग्राहकाच्या चौकशीला चॅटबॉटनं उत्तर द्यावं, त्यानं पाठवलेल्या रिकाम्या खोलीच्या फोटोवरून एआयनं अर्ध्या मिनिटात चार चित्रं काढावीत, त्या चित्रांवरून सॉफ्टवेअरनं कोटेशन बनवावं, हप्त्याची आठवण आपोआप जावी, आणि डिझायनरनं 'खऱ्या सर्जनशील' कामासाठी मोकळं व्हावं. जे हे करणार नाहीत ते ड्रॉइंग बोर्ड कवटाळून बसलेल्या ड्राफ्ट्समनसारखे इतिहासजमा होतील, असा दमही शेवटी असतोच.

या शिकवणीतली यंत्रं खोटी नाहीत. मी ती वापरते, आणि त्यांना नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण ही मंडळी यंत्र नेमकं उलट्या टोकाला बसवायला सांगतात. ग्राहकाला जिथे शब्द दिला जातो तिथे यंत्र, आणि जिथे निव्वळ हिशेब आणि नोंदी असतात तिथे मात्र जुनी डायरी आणि व्हॉट्सॲपचा ढीग. माझा वाद या मांडणीशी आहे.

आधी तो ड्राफ्ट्समनचा दाखला घेऊ, कारण प्रत्येक भाषणात तो येतो आणि ऐकणारे माना डोलावतात. ऑटोकॅड १९८२ साली आलं. आपल्याकडे छोट्या ऑफिसांत पोचायला त्याला बराच काळ लागला आणि तेव्हा कुरकुर झाली हे खरं. पण ऑटोकॅडनं माणसाकडून काय मागितलं ते आठवा. भिंतीची एक रेघ काढायची तरी तिची लांबी ठरवावी लागायची. भिंत चार इंची की सहा इंची, दार अडीच फुटी की तीन फुटी, खिडकीची सिल जमिनीपासून किती वर, हे ठरवल्याशिवाय कागदावर काही उमटायचंच नाही. २००० साली स्केचअप आलं. त्यात सगळं हातानं ओढून-ताणून बसवता येतं, पण तिथेही सात फुटी कपाट पावणेसात फुटी बीमखाली सरकवलं तर ते बीममध्ये घुसलेलं डोळ्यांना दिसतं. म्हणजे आतापर्यंतची अवजारं एकतर आधी आकडा मागत, नाहीतर चुकलेला आकडा डोळ्यांसमोर आणत. त्यामुळे जो घोळ पूर्वी साइटवर, सुतार करवत हातात घेऊन उभा असताना उघडकीला यायचा, तो ऑफिसातल्या टेबलावरच उघडा पडू लागला. ही खरी प्रगती होती.

फोटोवरून चित्र काढणारं एआय एकही आकडा मागत नाही. खोली दहा फुटी आहे की बारा, छत किती उंच, त्या कोपऱ्यातला फुगवटा कॉलम आहे की ड्रेनेजचा डक्ट, हे त्याला ठाऊक नसतं आणि ते विचारतही नाही. दिसतं त्यावरून ते एक शोभिवंत अंदाज रंगवतं. टेबलावर आलेला घोळ ते पुन्हा साइटवर पाठवून देतं. तेव्हा ऑटोकॅडला झालेल्या विरोधाचा दाखला या यंत्राच्या बाजूनं देताच येत नाही. ऑटोकॅडच्या रांगेत ते उभंच नाही.

प्रत्यक्षात काय घडतं ते सांगते. पुण्यात वाकड किंवा हिंजवडीच्या एखाद्या नव्या टॉवरमधला टू बीएचके धरा. मालकानं हॉलचा फोटो दिला. चित्रात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत नाहीशी झाली. बाल्कनीचं दार रुंदावलं. कॉलम बारीक झाला. एसीचं इनडोअर युनिट, त्याचा ड्रेन पाइप, मेन डीबी, इंटरकॉमचा डबा, सगळं गायब. छताला चारी बाजूंनी कोव्ह लाइट. चित्र सुंदर आहे यात वाद नाही. संध्याकाळपर्यंत ते कुटुंबाच्या ग्रुपवर जाऊन नागपूरच्या आत्यानं अंगठा आणि न्यू जर्सीच्या भावानं बदाम पाठवलेला असतो. आता ते घर ठरलं.

पण अलीकडचे बरेचसे टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून बांधतात. बांधकामावरचे सगळे त्याला 'मायवान' म्हणतात. तिथे विटांची भिंत अशी फारशी नसतेच. आतल्या भिंतीसुद्धा सळईच्या, काँक्रीटच्या, आणि त्यांतल्या अनेक इमारतीचा भार पेलणाऱ्या. ती पाडणं तर दूरच, वायरसाठी झिरी मारायची तरी सोसायटी आणि बिल्डर दोघांची परवानगी लागते, आणि ती बहुधा मिळत नाही. चित्रात पुसलेल्या त्या भिंतीबद्दल मग कुणीतरी ग्राहकाला सांगायचं असतं. त्या क्षणी डिझायनर त्याच्या नजरेत खोटारडी ठरते. स्थळ म्हणून सजवलेला फोटो आला आणि बघायला गेल्यावर मुलगा वेगळाच निघाला, तशी ही पहिली भेट होते. फरक इतकाच, की इथे ॲडव्हान्स दिलेला असतो.

स्वयंपाकघराची तर गंमतच वेगळी. ही चित्रं मधोमध आयलंड टाकतात, वर लटकते दिवे सोडतात, ओट्यावर एक लिंबांची वाटी ठेवतात. गॅसचा सिलिंडर कुठे राहणार? पाइप गॅस असला तर मीटर आणि त्याची वायुवीजनाची जागा कुठे? मिक्सरला प्लग कुठे? वर्षाचे गहू-तांदूळ भरणाऱ्या घरातल्या कोठ्या, पितळेची पातेली, गणपतीत लागणारी मोठी परात, लोणच्याच्या बरण्या? पाच फुटी बाईला चौतीस इंची ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागतात, हे त्या चित्राला कुठून कळणार? देवघर बहुतेक वेळा त्यात नसतंच, आणि सांगून टाकून घेतलं तर ते मंदिराच्या शिखरासकट येतं. कपडे वाळत घालायची दोरी तर मी अजून एकाही चित्रात पाहिलेली नाही. आपल्या घरांत जून ते सप्टेंबर ही दोरी हॉलपर्यंत येते, आणि तिची सोय करणं हेही इंटिरियरचंच काम आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, ते फक्त 'मूड' दाखवायला असतं. ग्राहकाला ते कळतं. नाही कळत. आणि का कळावं? फोटोसारखं दिसणारं चित्र, त्यात त्याचीच खिडकी, त्याचीच फरशी, वर आपल्या फर्मचा लोगो. हा मूड आहे आणि हे घर आहे, हा भेद त्यानं कशाच्या आधारे करावा? हातानं काढलेलं स्केच स्वतःच सांगतं की मी कच्चं आहे. रेघ थरथरते, रंग अर्धवट असतो. एआयचं चित्र कच्चं असूनही पक्कं दिसतं, आणि विकणाऱ्यांना त्याचा तोच गुण हवा असतो.

कायद्याची बाजूही बघू. स्थावर संपदा कायदा, म्हणजे आपला 'रेरा', २०१६ चा. त्याच्या कलम १२ नुसार बिल्डरच्या जाहिरातीवर, माहितीपत्रकावर किंवा नमुना फ्लॅटवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्यात दाखवलेलं खोटं निघून नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. सॅम्पल फ्लॅटची भुरळ काय असते हे ओळखूनच ते कलम आलं. इंटिरियरवाल्यांसाठी असं काही नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानं 'आर्किटेक्ट' ही उपाधी तरी राखून ठेवली आहे, 'इंटिरियर डिझायनर' अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा आहे, सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते, पण तीन महिन्यांच्या कामासाठी तारखांमागून तारखा घेत कोण बसणार? जिथे बाहेरचा लगाम इतका सैल आहे, तिथे स्वतःच्या शब्दाला जपणं हीच या धंद्याची पुंजी असते. आणि नेमका तोच शब्द आपण यंत्राकडून द्यायला लागलो आहोत.

चॅटबॉटच्या बाबतीत तर एक निकालच समोर आहे. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीनं सवलत नाकारली आणि चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही असा पवित्रा घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लवादानं तो धुडकावून प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. संकेतस्थळ तुमचं, तर त्यावर जे बोललं जातं तेही तुमचं. रात्री अकरा वाजता तुमचा बॉट एखाद्याला 'हो, दिवाळीपूर्वी ताबा मिळेल' असं सांगून मोकळा होईल, तेव्हा तुम्ही झोपलेल्या असाल. सुतार मात्र होळीला किंवा दिवाळीला गावी गेलेला असतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडची ही माणसं आठ दिवसांचं सांगून महिन्यानं परततात. पीओपीवाला निवडणुकीला जातो. जुलैच्या दमट हवेत पीयू मारला तर पांढुरका पडतो म्हणून पॉलिशवाला थांबतो. कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरला हे सगळं भरवता येतं, नाही असं नाही. पण भरवणाऱ्याला ते आधी ठाऊक असावं लागतं, आणि ज्याला ठाऊक आहे तो दिवाळीचं वचनच देत नाही.

आता कोटेशन. चित्रावरून आपोआप अंदाजपत्रक हे या शिकवणीतलं मला सर्वांत धोकादायक वाटणारं अंग आहे. वॉर्डरोबचा दर आपल्याकडे स्क्वेअर फुटावर सांगतात. सात फूट उंच, सहा फूट रुंद, बेचाळीस स्क्वेअर फूट, गुणिले दर. हा गुणाकार तिसरीतलं पोरही करेल. भांडण गुणाकाराचं कधीच नसतं. वरचा लॉफ्ट त्याच दरात की वेगळा? आतून लायनर की आतूनही सनमाइका? ड्रॉवर किती, चॅनेल साधे की सॉफ्ट क्लोज, बिजागरी कुठल्या कंपनीच्या? मागची फळी सहा मिलिमीटरची की बाराची? आणि प्लाय? आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायवुडचं मानक, आयएस ७१० मरीन प्लायवुडचं. सिंकखालच्या कॅबिनेटला कुठलं लावणार? यंत्रानं काढलेल्या कोटेशनात मी 'प्रीमियम वॉटरप्रूफ प्लाय' असे शब्द वाचले आहेत. त्या तीन शब्दांत बाजारातला कुठलाही माल बसतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन एवढंच सांगितलंत, तर दुकानदार आधी हसेल आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे बघून दर सांगेल. शिवाय १८ टक्के जीएसटी आत की बाहेर, हा प्रश्न कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात सोडला, की शेवटच्या हप्त्याला तो मोठ्या आवाजात वर येतो.

मोजमापाचंही तेच. सॉफ्टवेअरला बिल्डरच्या माहितीपत्रकातला प्लॅन भरवला जातो. करारातल्या कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, त्यामुळे तो आकडा फर्निचरच्या कामाचा नाही. प्लॅनवरच्या खोलीच्या मापात प्लास्टर आणि टाइल्सचं स्कर्टिंग नसतं. प्रत्यक्षात खोली गुण्यात नसते, भिंत ओळंब्यात नसते, दोन कर्ण सारखे येत नाहीत. पाऊण इंचाचा फरक चित्रात कुणाला दिसणार? भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कपाटात मात्र पाऊण इंच म्हणजे फटीत लावायची पट्टी, किंवा रंधा मारून मारून वैतागलेला सुतार.

धंद्यातली एक न बोलली जाणारी गोष्टही कोटेशनातूनच निघते. प्लायच्या दुकानातून, टाइल्सच्या शोरूममधून, हार्डवेअरवाल्याकडून डिझायनरला कमिशन मिळतं. सगळ्यांना नाही, सगळ्या ठिकाणी नाही, पण मिळतं, आणि ग्राहकाला ते क्वचितच सांगितलं जातं. पूर्वी डिझायनरनं हातानं लिहिलेल्या अंदाजपत्रकाकडे ग्राहक संशयानं बघायचा, दोन ठिकाणी दर विचारायचा. आता 'सिस्टीमनं काढलेलं' कोटेशन येतं. सरळ रकाने, पैशांपर्यंत आकडे, वर एआयचा शिक्का. त्याला तो आकडा तटस्थ वाटतो. त्या सिस्टीममध्ये दर कुणी भरले, हे विचारायचं सुचतही नाही. पारदर्शकतेच्या नावाखाली याहून अपारदर्शक व्यवस्था मला ठाऊक नाही.

चित्र आणि साइट यांतल्या या सगळ्या फरकाची किंमत कोण मोजतं? ऑटोपायलटच्या भाषणांत सुताराचा उल्लेखच नसतो. त्याच्या फोनवर ते चित्र जेपीजी होऊन येतं, माप नाही, सेक्शन नाही. तो विचारतो, 'मॅडम, इसका साइज क्या रखना है?' मॅडम दुसऱ्या साइटवर. त्याला चित्रात आठ फूट लांब संगमरवरी फळी भिंतीतून अधांतरी निघालेली दिसते, खाली ब्रॅकेट नाही, आधार नाही. तो आपल्या अकलेनं काहीतरी बसवतो. ग्राहक चित्र पुढे धरतो: असं नाही, तसं हवं होतं. ते तोडून परत करायचं, आणि लेबर रेट ठरलेला असल्यानं त्या दिवसांचे पैसे बहुतेक वेळा त्याच्याच अंगावर. डिझायनरचा वेळ वाचला म्हणतात तो असा वाचतो. सुताराच्या आठवड्यातून काढलेला.

मग यंत्र वापरूच नये का? तर उलट, मी म्हणते जास्त वापरा. पण मागच्या खोलीत. कट लिस्ट घ्या. आठ बाय चारच्या शीटमध्ये कपाटाचे तुकडे कसे बसवायचे, करवतीच्या पात्याची रुंदी सोडून, सनमाइकाच्या दाण्याची दिशा सांभाळून, हे कोडं यंत्र माणसापेक्षा चांगलं सोडवतं आणि प्लाय वाया जाणं लक्षणीय कमी करतं. साइटवरच्या बदलांची नोंद घ्या. ग्राहक जाता जाता म्हणतो, हा स्विच तिकडे घ्या, हा ड्रॉवर काढून टाका, इथे एक खुंटी हवी. असे ढीगभर बदल होतात, कुणी लिहीत नाही, आणि शेवटच्या बिलाला प्रत्येकजण आपापली आठवण सांगतो. या धंद्यातली निम्मी भांडणं इथली आहेत. मराठी-हिंदी मिसळून बोललेली व्हॉइस नोट यंत्राकडून लिहून घ्या, स्वतः वाचून दुरुस्त करा, पैशाचा आकडा घाला, त्याच संध्याकाळी ग्राहकाची 'हो' घ्या, आणि सुताराला त्याच्या भाषेत, मापासकट पाठवा. दुकानदारांची बिलं आणि जीएसटीचा ताळा लावा. कुठल्या चिमणीची, कुठल्या गीझरची वॉरंटी कधी संपते याची यादी ठेवा. सुताराचा हप्ता कधी देय झाला याची आठवण ग्राहकाइतकीच स्वतःलाही जाऊ द्या. यातलं काहीच दिखाऊ नाही, म्हणून यावर कुणी कार्यशाळा घेत नाही. कट लिस्टचं रील कोण बघणार?

'वेळ वाचेल तो सर्जनशील कामाला द्या' या वाक्याचाही समाचार घ्यायला हवा, कारण ते ऐकायला फार गोड आहे. या कामातली कल्पकता वेगळ्या खोलीत बसून करायची नसते. दीड फुटाच्या पॅसेजमध्ये सासऱ्यांची काठी, चपला आणि शाळेची दप्तरं कशी मावतील, हे सुचतं ते टेप धरून त्या पॅसेजमध्ये उभं राहिल्यावर. ज्याला हे लोक कटकट म्हणून यंत्राकडे ढकलतात, तिथेच डिझाइन घडतं. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी पहिलं वर्ष मापं घेण्यात काढते, तेव्हा तिला घर वाचता यायला लागतं. तेच वर्ष प्रॉम्प्ट लिहिण्यात गेलं, तर दहा वर्षांनी साइटवर जाऊन 'हे असं होणार नाही' असं ठामपणे सांगणारी बाई कुठून आणणार?

शेवटचा युक्तिवाद बाजाराचा: समोरचा एका दिवसात पाच चित्रं देतो, आपण नाही दिली तर काम जातं. हा खरा अडसर आहे, त्याला तत्त्वज्ञानानं उत्तर देता येत नाही. पण उपाय यंत्राच्या वेगात नाही, क्रमात आहे. आधी टेप, मग स्केचअपमधलं मॉडेल, मग त्या मॉडेलचं दृश्य एआयला देऊन त्यावर रंग, प्रकाश, पोत चढवून घ्यायचे. तेच यंत्र, तेवढीच सुंदर चित्रं. फक्त भिंती जिथल्या तिथे राहतात, आणि चित्राशेजारी माप व प्लायची प्रत लिहिता येते. तरीही भिंतीनं आकार बदलला नाही ना हे मॉडेलशी ताडून पाहावं लागतं, ते पाहावं. साइट बघून मापं घेण्याचे वेगळे पैसे लावावेत, काम मिळालं तर वळते करावेत. आणि मापाआधी एखादं चित्र द्यावंच लागलं, तर त्याच्या मधोमध, कोपऱ्यात नव्हे, 'हे मोजमाप न घेता काढलेलं आहे' असं ठळक छापावं.

याला चार दिवस जास्त लागतात, आणि तेवढं ग्राहक थांबणार नाही, असं मला सांगितलं जातं. तीन-तीन महिने घर उकरून ठेवायला, सासरी किंवा भाड्याच्या खोलीत राहायला आणि आयुष्यभराच्या बचतीतले लाखो रुपये द्यायला जो माणूस तयार असतो, तो चार दिवस थांबायला तयार नसतो, हे अजून मला कुणीही पटवून दिलेलं नाही.